बोल्ट जाऊ दे, चासी राहू दे

जुन्या मोटरसायकलचं काम काढलं की बोलणं इंजिनाभोवतीच फिरतं. बोअर कितवा झाला, पिस्टन कुठला टाकला, कार्ब्युरेटर मूळचाच आहे का, हे सगळे विचारतात. मागचं चाक आणि चासी यांना जोडणाऱ्या चिमट्याचा विषय फारसा निघत नाही आणि तो चिमटा ज्या एका आडव्या बोल्टावर तोललेला असतो, त्याची आठवण तर बोल्ट निघेनासा झाल्यावरच येते. कंपनीच्या पुस्तकात याला स्विंग आर्म म्हणतात, गॅरेजात सरसकट चिमटा. मागचं चाक खड्ड्यात गेलं की चिमटा या बोल्टाभोवती वरखाली होतो, शॉकअप दबतात आणि धक्का सीटपर्यंत अर्धामुर्धाच पोचतो. बोल्ट जाम होणं हा जुन्या गाड्यांचा अगदी नेहमीचा रोग आहे. त्यावरचा आपल्याकडचा नेहमीचा उपायही ठरलेला आहे : घण. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. जाम बोल्टाशी झगडताना आपण चुकीची वस्तू वाचवायला बघतो. बोल्ट अखंड बाहेर यावा म्हणून जो जोर लावला जातो तो शेवटी चासीवर जातो. खरं तर बोल्ट ही बाजारात पुन्हा मिळणारी वस्तू आहे आणि चासी नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर कामाचा सगळा क्रमच बदलतो.

आज ज्या गाड्यांवर ही वेळ येते आहे त्या बहुतेक एकाच पिढीच्या आहेत. १९८४ साली इंड-सुझुकी आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, पाठोपाठ आकुर्डीहून कावासाकी बजाज. जपानी घडणीच्या या शंभर सीसीच्या गाड्यांनी महाराष्ट्रातल्या शिक्षकांना, दूधवाल्यांना, ग्रामसेवकांना पहिल्यांदा रोजच्या भरवशाचं वाहन दिलं. सीडी १०० ची जाहिरात अजून लोकांच्या तोंडी आहे : फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. पेट्रोलच्या बाबतीत ते खरंही होतं. पण गाडीत विसरण्याजोग्या नसलेल्या ज्या जागा होत्या त्यांत चिमट्याचा बोल्ट होता. तो इंजिनाच्या मागे आणि मागच्या टायरच्या पुढे असतो, म्हणजे चाकानं उडवलेला चिखल थेट त्याच्यावर. जुन्या पाण्याच्या बॅटरीची वाफ सोडणारी बारीक नळी बऱ्याच गाड्यांत त्याच परिसरात खाली सोडलेली असते. ती निसटली किंवा तुटली की गंधकाम्लाचे थेंब नेमके तिथेच पडतात. चेनच्या बाजूला निदान चेनचं तेल उडून थोडी राखण होते, दुसरी बाजू कोरडी राहते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि वर खाऱ्या हवेचा मारा. तिकडची गाडी आणि सोलापूरची गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचे बोल्ट एका वयाचे नसतात.

गंज धरला, एवढं म्हणून भागत नाही. गंज नेमकं काय करतो ते पाहिल्याशिवाय पुढचं पटणार नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. गंजाच्या प्रकारानुसार हे प्रमाण दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. बोल्ट आणि तो ज्या नळीतून जातो ती नळी यांच्यात फट असते मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढी. पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं आणि वाळायला मात्र वाव नसतो. आत तयार झालेल्या गंजाला पसरायला जागा नसली की तो दोन्ही बाजूंना दाबतो आणि फट घट्ट भरून टाकतो. म्हणून नट सैल केला तरी बोल्ट हलत नाही. त्याला आता नट धरून ठेवत नाही, त्याच्या अख्ख्या लांबीवर दाटलेला गंज धरून ठेवतो.

चिमटा फिरवण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक इथे फार मोलाचा आहे. एका तऱ्हेत ब्राँझचे बुश असतात. धातू धातूवर फिरतो, त्यामुळे त्याला ग्रीस लागतं आणि त्यासाठी निपल दिलेलं असतं. दुसरी तऱ्हा रबरी बुशची, जी सीडी १०० आणि पुढे १९९४ च्या स्प्लेंडरमधून आपल्याकडे घरोघर पोचली. या बुशमध्ये बाहेर एक पोलादी नळी, आत एक पोलादी नळी आणि मध्ये दोघींना पक्कं चिकटलेलं रबर. बाहेरची नळी चिमट्यात ठोकून बसवलेली असते. आतली नळी चासीच्या दोन कानांमध्ये, म्हणजे चिमट्याला दोन्हीकडून धरणाऱ्या भागांमध्ये, बोल्टानं आवळलेली असते, ती हलतच नाही. चिमटा वरखाली होतो तो फक्त रबर पिळलं जातं म्हणून. याचा अर्थ असा की रबरी बुशच्या गाडीत बोल्ट कधी फिरतच नाही. तो आतल्या नळीत गंजून एकजीव झाला तरी चालवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण रबर आपलं काम करत राहतं. गाडीचा आवाज बदलत नाही, ॲव्हरेज पडत नाही. रोग वीस वर्षं मुकाट वाढतो आणि उघडा पडतो तो बुश बदलायच्या दिवशी.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : काहीच बिघडत नसेल तर बोल्ट काढायचाच कशाला? उत्तर रबरात आहे. रबर कडक होतं, तडकतं, नळीपासून सुटतं. मग चिमटा आडवा हलायला लागतो. समजा दोन बुशांमधलं अंतर २०० मिलिमीटर आहे आणि चिमट्याची लांबी ४०० मिलिमीटर. बुशापाशी अर्धा मिलिमीटर खेळ आला की मागच्या आसापाशी तो एक मिलिमीटर होतो आणि टायरच्या कडेला त्याहूनही जास्त. वळणावर मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटतो, चेन एका बाजूनं दाते खाते, टायर तिरका झिजतो. लोक चेन-स्प्रॉकेट बदलतात, टायर बदलतात, दोष तसाच राहतो. तपासणी मात्र अगदी सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, एका हातानं चासी धरा, दुसऱ्या हातानं चिमट्याचं मागचं टोक धरून आडवं हलवा. चाक धरून हलवू नका, नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा खेळ चिमट्याच्या नावावर जमा होईल. बुशापाशी टक् असं हाताला जाणवलं तर बुश गेले. ब्राँझ बुशच्या गाडीत तर वाट पाहणं आणखी महाग पडतं. ग्रीसशिवाय बुश आवळला गेला की चिमटा बोल्टालाच बरोबर घेऊन फिरायला लागतो. मग बोल्ट चासीच्या कानातल्या भोकात फिरतो आणि भोक अंड्यासारखं लांबट होतं. बुश बदलायचं राहिलं म्हणून चासी झिजली, अशी ती साखळी आहे.

चासीबद्दल इतका आग्रह का, हेही सांगायला हवं. चासी नंबर हा तिच्यावर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे ती चासी. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि प्रत्येक वेळी गाडी निरीक्षकापुढे उभी करायची. इंजिनाचे भाग, टाकी, चाकं, दिवे, सगळं बदललं तरी गाडी तीच राहते. चासी बदलली की गाडी दुसरी होते. कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारातली चासी मिळते, असं लोक सहज सांगतात. मिळतेही. पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर असतो, त्या गाडीचं काय झालं ते कळायला मार्ग नसतो आणि आपला नंबर तिच्यावर ठोकणं हा गुन्हा आहे. म्हणून ‘चासी वाकली तर दुसरी बघू’ हा पर्याय मी पर्याय मानत नाही.

आता घणाकडे येऊ. बोल्टाच्या टोकावर घाव घातला की बोल्ट पलीकडे सरकेल अशी कल्पना असते. रबरी बुशच्या गाडीत बोल्ट आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो हे विसरून चालत नाही. घाव बसला की बोल्ट नळीला ढकलतो आणि नळीचं दुसरं टोक पलीकडच्या कानाच्या आतल्या बाजूला टेकलेलं असतं. नळी कानाच्या भोकातून बाहेर जाऊ शकत नाही, ती भोकापेक्षा जाड आहे. म्हणजे प्रत्येक घावाचा जोर सरळ पलीकडच्या कानावर बसतो आणि तो कान बाहेर वाकतो. वरून रबर बराचसा धक्का गिळून टाकतं, उरलेला टायर आणि शॉकअप गिळतात. म्हणून दहा घावांनी काही हललं नाही की माणूस मोठा घण आणतो. दरम्यान बोल्टाचं टोक चेपून पसरतं. आट्यांच्या जागी जे टोपण तयार होतं ते आता कानाच्या भोकात शिरणारही नाही. बोल्ट पूर्वीपेक्षा घट्ट झाला, कान वाकला आणि हे सगळं अर्ध्या तासात. वाकलेला कान पुन्हा सरळ केला तरी दोन कानांची भोकं एका रेषेत येतीलच असं नाही आणि ती रेषेत नसली तर मागचं चाक पुढच्या चाकामागे सरळ धावत नाही.

जोर लावायचाच असेल तर तो ढकलण्यापेक्षा फिरवण्यासाठी लावावा, हे साध्या हिशेबानं दाखवता येतं. समजा बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा आहे आणि २०० मिलिमीटर लांबीवर गंजानं धरलेला आहे. धरलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सुमारे ८,८०० चौरस मिलिमीटर. गंजाची पकड दर चौरस मिलिमीटरला फक्त एक न्यूटन धरली, तरी बोल्ट सरळ ढकलायला ८,८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९०० किलोचा जोर हवा. तीच पकड फिरवून मोडायची तर बोल्टाची त्रिज्या सात मिलिमीटर, म्हणून लागणारा पीळ होतो साधारण ६२ न्यूटन-मीटर. एक फूट लांबीचा पाना आणि टोकाला वीस किलोचा जोर, एवढ्यात काम होतं. तरफेचा फायदा फिरवताना मिळतो, ढकलताना मिळत नाही. म्हणून पहिलं काम हातोडी नव्हे. नट पूर्ण न काढता तो बोल्टाच्या टोकाशी बरोबरीत आणायचा, म्हणजे आटे राखले जातात. मग डोक्यावर सहा बाजूंचा गोटी पाना घट्ट बसवायचा आणि आवळायच्या व सोडायच्या दोन्ही दिशांनी थोडं थोडं हलवून बघायचं. बारा बाजूंचा रिंग पाना वापरू नये, जुन्या डोक्याचे कोपरे त्यानं गोल होतात.

पाना फिरवताना हाताला काय जाणवतं त्यावरून रोग कुठे आहे ते कळतं. बोल्ट तसूभरही हलत नसेल तर तो चासीच्या कानांतच धरलेला आहे. करकर असा आवाज करत थोडा फिरला आणि तिथेच थांबला तर गंज मोडतो आहे, संयमानं पुढे जा. पण बोल्ट वीसेक अंश फिरतो आणि पाना सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो, असं झालं तर आनंद मानू नये. बोल्ट सैल झालेला नाही. तो आतल्या नळीसकट फिरतो आहे आणि मागे आणतं आहे ते पिळलेलं रबर. अजून जोर केला तर रबर फाटेल, मग बोल्ट आणि नळी मिळून गरगर फिरतील आणि तरीही बोल्ट बाहेर येणार नाही, कारण नळी दोन कानांच्या मध्ये अडकलेली आहे. फिरवण्याचा हिशेब इथे संपतो. या गाडीच्या बाबतीत निर्णय झाला असं समजावं : बोल्ट कापायचा.

त्याआधी तेल आणि उष्णता यांना त्यांची संधी द्यावी, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही कळायला हवं. रॉकेल, डिझेल, बाजारातले गंज सोडवणारे स्प्रे, ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं अर्धं अर्धं मिश्रण, सगळ्यांचं तत्त्व एकच : पातळ द्रव बारीक फटीत शिरतो आणि मागे वंगण ठेवतो. फट गंजानं पूर्ण भरलेली असेल तर तो टोकापासून थोडाच आत जातो. कानांत धरलेला बोल्ट त्यानं सुटू शकतो, २०० मिलिमीटर लांब नळीच्या मधोमध धरलेला सहसा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तेल आणि प्रत्येक वेळी हलक्या हातोडीनं टकटक, असं आठवडाभर करावं. हे टकटक ढकलण्यासाठी नसतं, गंजात तडे पाडून तेलाला वाट देण्यासाठी असतं. उष्णतेचं गणितही बघा. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन वाढतं. १४ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटरनं मोठं होतं, साध्या कागदाच्या जाडीच्या तिसऱ्या भागाएवढं. एवढी वाढ बोल्ट सैल करायला पुरत नाही, गंजाचा थर तडकवायला मात्र पुरते. म्हणून फक्त कान तापवावा, बोल्ट नाही, आणि तो कोमट होत असताना कडेला मेणबत्ती टेकवावी. वितळलेलं मेण फटीत सरसर ओढलं जाताना डोळ्यांनी दिसतं. टाकी काढून लांब ठेवलेली असावी, कार्ब्युरेटर रिकामा असावा, बॅटरी सोडवलेली असावी, शेजारी पाण्याची आणि वाळूची बादली असावी. जुन्या घडणीच्या काही चासींचे जोड पितळानं जोडलेले असतात. तिथे लाल होईपर्यंत तापवणं म्हणजे जोडच सोडवणं.

आता कापण्याबद्दल. चिमट्याची आडवी नळी आणि चासीचा कान यांच्यात दोन्हीकडे बारीक फट असते, कारण बुशची आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लांब ठेवलेली असते. हॅक्सॉचं पातं साधारण ०.६५ मिलिमीटर जाडीचं असतं, ते त्या फटीत बसतं. फ्रेममध्ये लावलेलं पातं तिथे पोचत नाही. पात्याच्या एका टोकाला कापड किंवा लाकडी मूठ बांधून नुसतं पातं चालवायचं किंवा विजेची पुढेमागे चालणारी करवत घ्यायची. पातं चांगलं बायमेटलचं हवं. आधी आतली नळी कापली जाते, मग बोल्ट. पातं कायम चिमट्याकडे झुकलेलं ठेवायचं, कानाकडे नाही. चिमट्याकडचे बुश नाहीतरी फेकायचे आहेत. तेलाचे थेंब सोडत, घाई न करता. हातानं एका बाजूला तासभर जाऊ शकतो, पातीही दोन-तीन लागतील. एक बाजू पुरती कापली गेली की पात्याचा आवाज बदलतो आणि चिमटा थोडा खाली बसतो. दोन्ही बाजू झाल्या की चिमटा मधल्या तुकड्यासकट मोकळा होतो. कानांत उरतात बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे, एकाला डोकं, दुसऱ्याला नट. आता हातोडी चालते, कारण मध्ये नळी नाही, रबर नाही आणि कानाच्या मागे लोखंडी ठोकळा टेकवता येतो. पंचच्या चार टोल्यांत तुकडा पडतो. नाहीच पडला तर त्याला मधोमध ड्रिल करून पोकळ करावं, म्हणजे तो आत आकसतो.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की घणानंच आजवर शेकडो बोल्ट निघाले. निघाले, हे खरं आहे. जे फक्त कानांत धरलेले होते ते निघाले आणि ते पान्यानंही निघाले असते. जे नळीत धरलेले होते ते निघताना चासीचं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे गाडी एका बाजूला ओढते म्हणून मालक टायर बदलत राहिला. दुसरा आक्षेप, गॅस कटरनं दोन मिनिटांत काम होतं. होतं, पण ज्योत फटीएवढी बारीक नसते. कानाची कड वितळते, भोक वेडंवाकडं होतं, आजूबाजूचं पोलाद तापून वाकतं. वेल्डिंगचा एक उपयोग मात्र मी मान्य करतो. डोक्याचे कोपरे गेले असतील तर त्यावर नवा नट वेल्ड केला की पान्याला पकडही मिळते आणि बोल्टाला आतून उष्णताही. तिसरा आक्षेप हौशी लोकांचा : मूळ बोल्ट गेला तर गाडीचं मूळपण गेलं. कंपनीचा शिक्का असलेल्या बोल्टाबद्दल ही माया मला समजते. पण गंजानं खाल्लेला बोल्ट मधूनच बारीक झालेला असतो, बाहेरून दिसत नाही. मागचं चाक ज्याच्यावर तोललं आहे अशा जागी तो परत घालणं सुरक्षित नाही, मग तो अखंड निघाला काय आणि तुकड्यांत निघाला काय.

सगळ्यात खरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा आहे. गॅरेजवाल्याला मजुरी कामावर मिळते, तासांवर नाही. चिमट्याचे बुश बदलायचे एवढे पैसे ठरले आणि बोल्ट आठवडाभर तेलात ठेवावा लागला, तर ती जागा अडते, बाकीची कामं खोळंबतात आणि मालक रोज फोन करतो. अशा वेळी घण उचलणारा मिस्त्री निष्काळजी नसतो. आपण ठरवलेल्या मजुरीनं त्याच्या हातात घण दिलेला असतो. म्हणून ही गोष्ट मालकानंच आधी बोलायला हवी : बोल्ट जाम असेल तर कापा, त्याचे वेगळे पैसे देतो, गाडी आठ दिवस राहू द्या. पात्यांचा खर्च, दोन तासांची जास्तीची मजुरी आणि नवा बोल्ट हे सगळं मिळूनही वाकलेली चासी सरळ करण्याच्या खर्चापेक्षा कमीच भरतं, आणि वाकलेली चासी पुरती सरळ होईल याची हमी कुणी देत नाही.

एक अपवाद नोंदवायला हवा, नाहीतर माझं म्हणणं अतिरेकी ठरेल. काही गाड्यांत हा आडवा दांडा कारखान्यातूनच घट्ट ठोकून बसवलेला असतो. ट्रायम्फच्या साठच्या दशकातल्या ६५० सीसीच्या जोडइंजिनाच्या गाड्यांत ब्राँझचे बुश चिमट्यात असतात आणि दांडा चासीच्या मधल्या जाड नळीत घट्ट बसतो. तो निघत नाही याचं कारण गंज असेलच असं नाही, तो तसाच असायला हवा. तिथे कापण्याआधी स्क्रूचा किंवा हायड्रॉलिकचा पुलर लावावा, जो चासीच्या त्याच नळीवर टेकून दांडा ओढतो. म्हणजे जोर आणि त्याचा आधार एकाच जागी येतात, कान वाकायचा प्रश्न राहत नाही. बुलेटनं १९४८ साली इंग्लंडमधल्या कोलमोर ट्रायलमध्ये मागचा चिमटा पहिल्यांदा मिरवला, तेव्हापासून या एका सांध्याच्या इतक्या तऱ्हा निघाल्या आहेत की गाडीचं मॅन्युअल आणि सुट्या भागांचं चित्र बघितल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

चिमटा टेबलावर आला की बुश काढणं सोपं आहे. रबरात ड्रिलनं भोकं पाडून मधला तुकडा काढावा. रबर जाळून टाकणारे आहेत, पण त्या धुराचं काम बंद जागेत करू नये. बाहेरची नळी आतून उभी कापून आत दुमडावी, चिमट्याच्या नळीवर ओरखडा न पाडता. मग खरी तपासणी चासीच्या कानांची. नवा बोल्ट दोन्ही कानांतून मोकळा, हातानं सरकतो का? एका कानातून जाऊन दुसऱ्याला अडतो का? भोक लांबट झालं असेल तर लेथवाल्याकडे जावं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे हात पिढ्यान्पिढ्या आहेत. दोन्ही कानांतून एकाच दमात रीमर फिरवून बारीक बुश बसवायला सांगावं. एकेक कान वेगळा रीम केला तर रेष चुकते. बोल्ट बाजारात मिळत नसेल तर तिथेच ईएन २४ च्या बारमधून तो वळवून घेता येतो. स्टेनलेसचा करून घ्यायचा मोह होतो. साधं स्टेनलेस गंजत नाही, पण ताणाला तेवढं टिकत नाही आणि त्याचे आटे नटाला चिकटून बसायची सवय असते.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावेत, चिमटा उन्हात तापू द्यावा आणि लांब आट्याचा दांडा व जाड वॉशर लावून बुश ओढून बसवावेत. जोर फक्त बाहेरच्या नळीवर यायला हवा. आतल्या नळीवर आला तर रबर वापरायच्या आधीच सुटतं. मग ग्रीस. रबराला ग्रीस चालत नाही, म्हणून रबरी बुशच्या बोल्टाला काहीच लावू नये असं बरेच जण सांगतात. खनिज ग्रीस रबर फुगवतं हे बरोबर आहे. पण बोल्ट रबराला शिवतच नाही, तो पोलादी नळीत असतो. पाण्यात न धुतल्या जाणाऱ्या ग्रीसचा पातळ हात बोल्टाच्या अंगाला आणि नळीच्या आत द्यावा, टोकांना आलेलं पुसून टाकावं. आट्यांना मात्र देऊ नये, कारण पुस्तकात दिलेला आवळण्याचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. हा हात दरवर्षी द्यावा लागतो आणि त्याला दसऱ्याइतका योग्य दिवस नाही. पाऊस नुकताच सरलेला असतो, गाडी नाहीतरी धुतली जाते. त्या दिवशी पाण्याचा जोराचा फवारा चिमट्याच्या तोंडावर न मारता, नट काढून बोल्ट अर्धा बाहेर ओढावा, पुसावा, ग्रीस लावून परत घालावा. हारफुलं त्यानंतर.

शेवटचा नट आवळण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळणारे फार थोडे दिसतात. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळत असताना नट पक्का आवळला तर आतली नळी त्या खालच्या स्थितीत धरली जाते. गाडी खाली उतरवून माणूस बसला की चिमटा वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. खड्डा आला की त्याच पिळावर आणखी पीळ. मग दहा वर्षं चालायचा बुश दोन वर्षांत फाटतो आणि दोष नकली मालाला जातो. म्हणून नट आधी नुसता टेकवावा, चाक आणि शॉकअप बसवावेत, गाडी दोन्ही चाकांवर उभी करून कुणाला तरी सीटवर बसवावं, दोन-चारदा दाबून सोडावं आणि तो बसलेला असतानाच टॉर्क पान्यानं नट आवळावा. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर, पुन्हा तसाच माणूस बसवून, एकदा तपासावा.